सुरीची धार

हे खोटं वाटलं तर वाटू दे. कुणाला पटवण्यासाठी मी हे लिहीत नाहीये.

जे घडलं ते माझ्या सख्ख्या मावशीबरोबर घडलं. तेव्हा काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट अजून हयात आहे, चांगला धडधाकट आहे. फक्त त्यानं ते काम सोडलं. आता तो कमी ऐकू येणाऱ्यांना कानाची मशीन बसवून देतो. विचारलं तर एवढंच म्हणतो, "माइक एक होता. आवाज दोन होते. पुढचं मला विचारू नका."

रात्रबित्र काही नव्हती. गुरुवार होता. दुपारचे सव्वातीन.

जागा म्हणजे एका इमारतीच्या तळघरातला रेकॉर्डिंग स्टुडिओ. वरती बाथरूमच्या फरशांचं दुकान. बाजूने चौदा पायऱ्या उतरायच्या, मग एक जाड दार, आणि दोन पावलांवर तसंच दुसरं दार. ते दुसरं दार लागलं की बाहेरचं जग संपलं. हॉर्न नाही, पंख्याची घरघर नाही, काही नाही. मावशी म्हणायची, तिथे आपली पापणी मिटली तरी ऐकू येते.

अशा खोलीत मागे कुणी उभं असेल... तर कळायलाच हवं.

पण आधी सुरीबद्दल सांगते.

सुरी हे तिचं खरं नाव नव्हे. कोरसमधल्या बायकांनी ठेवलेलं. मुख्य गायिकेच्या मागे बाराजणी एकत्र गायच्या, त्यांत माझी मावशी अकरा वर्षं होती. आणि अकराही वर्षं तिच्या डाव्या हाताला सुरी उभी असायची. अंगानं काडी. पाणी प्यायली तर घोट उतरताना दिसेल, इतका बारीक गळा. पण तोंड उघडलं की बाराजणींतून तिचा आवाज आरपार जायचा. मोठा नव्हता बरं का. लखलखीत होता. धार होती त्याला. तिला माइकपासून चार पावलं मागे उभं केलं, तरी ती पुढेच ऐकू यायची.

मावशीचं नेमकं उलटं. तिचा आवाज गोल, मऊ, जाडसर. सुरी तिला 'साय' म्हणायची.

"तू साय आहेस गं. चांगली लागतेस, पण ढवळलं की दिसत नाहीस."

हे मावशीला झोंबायचं. पण खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं.

मग सुरीनंच तिला शिकवायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कसली अपेक्षाही नव्हती. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात, जिन्यात उभ्या राहून.

"बदकासारखी ओरड," सुरी म्हणायची.

"वेडी का गं तू? लोक बघतायत."

"बघू देत. क्वॅक... हं, असं. आता मांजर. म्यांव. आता रडकं पोर. न्यां... हे जे मागे वर वाजलं ना, तिथे धार आहे. जीभ मागून वर घे. हसू दाबल्यासारखे गाल उचल. आणि घशावर जोर अजिबात द्यायचा नाही. जोर दिलास तर धार येत नाही, ओरखडा येतो."

मावशी नाकात गायला लागली की सुरी तिचं नाक चिमटीत धरायची.

"बदलला आवाज? मग तो नाकात आहे. खऱ्या धारेला नाक लागत नाही."

आणि मावशीचा जबडा आवळला, की सुरी आपली दोन बोटं तिच्या कानाखाली, जबड्याच्या सांध्यावर ठेवायची. ऐन उन्हाळ्यातसुद्धा गार असायची ती बोटं.

"सैल सोड," ती म्हणायची. "सगळं सैल सोड. आवाज आपला आपण येतो."

दीड वर्ष शिकवलं तिनं. सायीला हळूहळू चमक आली. मावशी खूश होती, आणि सुरी तर मावशीहून खूश होती.

मग तो फोन आला.

सुरीच्या घरी फोन नव्हता. तिचे सगळे निरोप मावशीकडे यायचे. एका सोमवारी संध्याकाळी एका नावाजलेल्या संगीतकाराचा फोन आला. त्यानं कोरसची टेप ऐकली होती.

"तुमच्या रांगेत ती एक धारदार आवाजाची आहे बघा. मला मुख्य गाण्यासाठी ऐकायचंय तिला. उद्या दहाला पाठवाल?"

"हो," मावशी म्हणाली. "सांगते."

तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला ती स्वतः गेली. त्या माणसानं सुरीचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता, फक्त आवाज ऐकला होता. मावशीनं जीभ वर घेतली, गाल उचलले, जबडा सैल सोडला आणि गायली. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हाच तो आवाज."

मावशीनं मान डोलावली.

तीन आठवड्यांनी सुरीला कळलं. ती भांडायला आली नाही. कामावर आली. मावशी आता काचेच्या आतल्या छोट्या खोलीत, एकटीच्या माइकसमोर. आणि सुरी बाहेर, अकराजणींत. दोन-तीन गाणी तशीच झाली. मग संगीतकारानं मावशीला विचारलं, "मागची ती एकजण अगदी तुमच्यासारखी वाजते. ठेवू का?"

मावशी म्हणाली, "नको. तिचा आवाज टोचतो. माझ्या आवाजाशी भांडतो."

एवढंच वाक्य. पण ते फिरलं. सुरीचा आवाज टोचतो, असं एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत गेलं, आणि वर्षभरात तिला कुणी बोलावेनासं झालं. मग ती दुकानांच्या उद्घाटनांना गायली. मैदानात, वाऱ्यात, फाटक्या स्पीकरवर गायली. घशावर जोर देऊ नको म्हणून दुसरीला शिकवणारी बाई स्वतः घसा फाडून गायली. मग घशात गाठ आली. मग ऑपरेशन झालं.

आणि आवाज गेला. कुजबुजसुद्धा उरली नाही.

तोवर मावशीला मोठी गायिका होऊन नऊ वर्षं झाली होती. लोक तिच्या आवाजातल्या धारेबद्दल लिहायचे. ही धार कुठे शिकलात, असं विचारायचे. मावशी हसून म्हणायची, "उपजतच आहे."

ती सुरीला बघायला दवाखान्यात एकदाच गेली. गळ्याला पट्टी, उशीत रुतलेलं डोकं. मावशी उगाच काहीबाही बोलली. बरी होशील, हवा बदलायला जा, असलं. सुरीनं बोटानं तिला जवळ बोलावलं. मावशीला वाटलं, माफ करतेय. ती वाकली.

सुरीनं दोन बोटं तिच्या कानाखाली ठेवली. जबड्याच्या सांध्यावर.

आणि दाबली.

तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण मावशीला वाचता आलं.

सैल सोड.

मावशीनं मान मागे घ्यायचा प्रयत्न केला. बोटं सुटेनात. शेवटी नर्सनं येऊन ती एकेक करून सोडवली. नर्स म्हणाली, "यांच्या हातात तर चमचा धरण्याइतकं बळ नाही हो."

तिसऱ्या दिवशी सुरी गेली. मावशीच्या जबड्यावरचे दोन निळे ठिपके जायला मात्र महिना लागला.

त्यानंतर चार महिन्यांनी तो गुरुवार आला.

गाणं साधंच होतं. शेवटची ओळ तेवढी खूप वर जायची, आणि तिथेच धार हवी होती. संगीतकार जेवून यायचा होता. काचेपलीकडे, दोन्ही दारांबाहेरच्या खोलीत, रेकॉर्डिस्ट एकटा. मिश्कील माणूस, हेडफोनमधून सारखा चिमटे काढायचा.

"ताई, दुपारचं जेवण जास्त झालंय का? आवाज जड लागतोय."

"गप बस आणि सुरू कर," मावशी म्हणाली.

पहिल्यांदा गाऊन झालं. त्यानं ते परत लावून ऐकलं. मग म्हणाला, "गाताना डावीकडे सरकू नका."

"मी हललेच नाहीये."

"मग आवाज बाजूनं पण का येतोय..."

त्यानं एक-दोन बटणं फिरवली. पुन्हा सुरू केलं. या वेळी दोन ओळींतच थांबवलं.

"ताई, श्वास दोनदा घेताय तुम्ही. एकदा घेता, मग लगेच परत घेता."

मावशीनं एकदाच घेतला होता.

 तिनं हेडफोन नीट बसवला आणि नुसती ऐकत उभी राहिली. न गाता. खोलीत काही नव्हतं. ती स्वतःच्या छातीचे ठोके ऐकत होती.

मग... श्वास.

डाव्या कानात. कुणी गायला सुरुवात करण्याआधी घेतं तसा. भरलेला, तयार.

तिनं डाव्या कानावरून हेडफोन काढला. शांत. परत लावला.

श्वास.

तिनं काचेतून पाहिलं. रेकॉर्डिस्ट तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या किंचित डावीकडे बघत होता.

"ताई... आत एकट्याच आहात ना?"

"का रे?"

"नाही, काही नाही. काचेत तुमचंच काहीतरी दोनदा दिसत असेल." मिश्कीलपणा कुठल्या कुठे गेला होता. "चला, एकदा सलग घेऊन टाकू आणि वर जाऊन चहा पिऊ."

संगीत सुरू झालं. मावशी गायला लागली.

दुसऱ्याच ओळीला तिला कळलं. जीभ जागेवर होती. गाल उचललेले होते. जबडा सैल. नऊ वर्षं रोज केलं तेच सगळं ती करत होती. पण तोंडातून येत होता तो तिचा जुना आवाज. गोल. मऊ. साय.

आणि धार... धार वेगळी ऐकू येत होती.

तिच्या डावीकडे, हातभर अंतरावर. तिच्याहून अर्धा क्षण पुढे. जे शब्द तिनं अजून उच्चारले नव्हते, ते तिकडे आधीच लखलखत होते.

घाबरून तिनं जुनीच युक्ती केली. नाक चिमटीत धरलं. तिचा आवाज बदलला नाही.

डावीकडचा आवाज मात्र गाता गाता किंचित हसला.

मावशीनं तोंड मिटलं.

गाणं थांबलं नाही.

तिच्या हेडफोनमध्ये गाणं पुढे चाललं. स्वच्छ, चकचकीत, एकही सूर न चुकवता. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या मीटरचा काटा नाचत होता. तो मान खाली घालून ऐकत होता आणि त्यानं न बघताच अंगठा वर केला. झकास, म्हणून. मग त्यानं वर पाहिलं. मावशीचं मिटलेलं तोंड त्याला दिसलं. काटा नाचतच होता.

त्याचा अंगठा तसाच हवेत राहिला.

मावशीनं हेडफोन फेकला आणि दाराकडे धावली. आतलं दार उघडलं. ती दोन दारांच्या मधल्या जागेत आली, बाहेरचं दार ढकललं.

हलेना.

मागचं दार आपोआप लागलं.

काळोख. दोन पावलांची जागा. इथे हेडफोन नव्हता, तारा नव्हत्या, काही नव्हतं. ती दारावर हात आपटत होती, आणि त्या जाड दारात तो आवाज जिरून जात होता.

मग कानाखाली काहीतरी गार लागलं.

दोन बोटं.

"सैल सोड."

या वेळी आवाज होता. खणखणीत. इतका जवळून, की मावशीच्या दाढा झणझणल्या.

"चुकले गं," मावशीला म्हणायचं होतं. ते मनात आलं, जिभेवर आलं. पण जबडा ड्रॉवर ओढावा तसा खाली आला, आणि जे बाहेर पडलं त्याला शब्द नव्हते. गळ्यातून काहीतरी लांब, ओलं निघून चाललंय असं तिला वाटलं. ते निघत राहिलं. संपलं.

त्याच क्षणी रेकॉर्डिस्टनं बाहेरून दार ओढलं. त्याला कडी नव्हतीच. ते एका बोटानं उघडलं.

मावशी जमिनीवर बसली होती, तोंड उघडं. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

आजही नाही.

डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले. गळ्यात कॅमेरा घालून पाहिलं. एकीनं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "स्वरयंत्र सोळा वर्षांच्या मुलीचं असावं तसं आहे. यांना बोलायचंच नाहीये का?" मावशीला खोकलासुद्धा आवाजाशिवाय येतो. वर लिहिलंय ते सगळं तिनं मला वहीत लिहून दाखवलंय, अगदी त्या फोनसकट. सुरीला सांगितलं नाही, हे वाक्य लिहिताना तिचा हात थांबला होता. पण लिहिलं तिनं.

त्या दुपारचं गाणं बाहेर आलं. रेकॉर्डिस्ट नको म्हणत होता, पण संगीतकाराला वाटलं, हा प्यायलाय. मावशीच्या नावावरच आलं. लोक म्हणतात, हे तिचं सगळ्यांत चांगलं गाणं. औषधांच्या दुकानात लागतं, लिफ्टमध्ये लागतं. मावशी जिने चढून जाते.

तिला दुसरं कुणी नाही, म्हणून मी तिला माझ्या घरी आणलं. मागची खोली दिली. तीन आठवडे सगळं ठीक होतं.

मग एका दुपारी मी इस्त्री करत होते, आणि मागच्या खोलीतून ऐकू आलं...

क्वॅक.

म्यांव.

न्यां...

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. इस्त्री तशीच टाकून मी धावले. मावशीला आवाज फुटला होता. मी दार उघडलं.

ती पलंगावर बसली होती. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलेलं. डोळ्यांतून पाणी. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. नाही, नाही.

तोंड बंद होतं. गळ्यातली नस मात्र हलत होती.

आणि गाणं चालू होतं.

मी घड्याळ पाहिलं नव्हतं. नंतर पाहायला लागले. रोज सव्वातीनला सुरू होतं. अर्धा तास चालतं. आधी बदक, मांजर, रडकं पोर, मग ते गाणं, आणि मग ती वरची ओळ, परत परत परत. संपल्यावर मावशी घामानं निथळलेली असते. तिच्या रुमालावर कधी कधी रक्ताचा ठिपका असतो.

मी विचारलं, "सुरी तर म्हणायची ना, घशावर जोर द्यायचा नाही?"

मावशीनं लिहिलं, "स्वतःच्या घशावर द्यायचा नाही. हा माझा आहे."

मी किती उपाय केले, ते सांगत नाही. खोली बदलली, घर बदललं. ती वेळ झाली की मावशीला गाडीत बसवून गावाबाहेर नेलं. गाडीत गायलं ते. बंद काचांच्या गाडीत, माझ्या शेजारच्या सीटवर. मी रस्त्याच्या कडेला थांबून स्टिअरिंग धरून बसले होते.

शेवटी मी मावशीला म्हटलं, "माफी माग तिची. मनापासून माग."

मावशीनं वही ओढली. मग लिहिलं.

"रोज मागते. ती म्हणते, ऐकू येत नाही. आवाज काढून माग."

हे वाचल्यावर मला राहवलं नाही. गेल्या महिन्यातली गोष्ट. सव्वातीनला मी मावशीजवळ जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. गाणं सुरू झालं तेव्हा मी मोठ्यानं बोलले. तिच्या वतीनं. फोन आला होता तो सांगितला नाही, ती चूक. टोचतो म्हणाली, ते खोटं. तिला माफ करा. तिला बोलता येत नाही, म्हणून मी मागतेय.

गाणं थांबलं.

खोली शांत झाली. मावशीनं तोंडावरचे हात हळूहळू खाली घेतले. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मला वाटलं, सुटलो.

मग तिचे ओठ न हलता... तिच्या गळ्यातून उत्तर आलं. शांत, स्वच्छ. बाराजणींतून ऐकू येईल असं.

"तू कोण मध्ये बोलणारी?"

आणि जरा थांबून,

"तुझा आवाज पण मऊच आहे गं."

त्या दिवसापासून मी घरात बोलत नाही. मावशी लिहिते, मी लिहिते. दूधवाल्याशी, शेजारणीशी बोलायचं असेल तर खाली रस्त्यावर जाऊन बोलते. हे सगळं टाइप करून पाठवतेय, तेही त्याचमुळे. कुणी फोन करून विचारू नका.

काल दुपारी माझा डोळा लागला; संध्याकाळी जागी झाले, तेव्हा माझा जबडा डाव्या बाजूनं दुखत होता. कुशीवर झोपले होते, म्हणून असेल.

आरशात मी अजून पाहिलेलं नाही.